इलेक्ट्रिक एसयूव्हीत मागे हवा लागत नाही? डक्ट तपासण्यापासून बदलण्यापर्यंत सगळं

मे महिन्यात आईला घेऊन वणीच्या गडावर गेलो होतो. परत येताना दिंडोरीच्या अलीकडे सहज आरशात बघितलं तर आई पदराने वारा घेत होती, आणि इकडे पुढे माझे हात एसीने गार पडलेले. विचारलं तर म्हणाली, "मागे कुठे येते रे हवा, मला वाटलं या गाडीला अशीच असते." दीड वर्ष गाडी वापरतोय आणि मला पत्ताच नाही, कारण मी कधी मागे बसलोच नाही. मागे बसणारी आपली माणसं, आई, मुलं, सासूबाई, तक्रार करत नाहीत, खिडकी खाली करतात आणि गप्प बसतात. म्हणून पहिलं काम हेच सांगतो, एका दुपारी गाडी दुसऱ्या कुणाला चालवायला द्या आणि स्वतः अर्धा तास मागे बसा. नाशिक थंड म्हणतात ते डिसेंबर-जानेवारीचं, मे महिन्यात पारा चाळिशीला टेकतो तेव्हा मुंबई नाका ते पाथर्डी फाटा एवढं अंतरही पुरतं.

मी नाशिकच्या अंबडला कारखान्यात मेंटेनन्सला आहे. गाडीचं काम माझ्या मित्राबरोबर केलं, तो इलेक्ट्रिक गाड्यांचं ट्रेनिंग घेतलेला टेक्निशियन आहे. तसा माणूस जवळ असेल तर बोलवाच, कारण पाने-पक्कड चालवणं जमतं एवढ्यावर इलेक्ट्रिक गाडी उघडायची नसते, का ते पुढे येईलच. आणि गाडी वॉरंटीत असेल तर फक्त तपासणीपर्यंत वाचा, मापं लिहून घ्या आणि ती मापं घेऊन सर्व्हिस सेंटरला जा, "मागे हवा कमी येते" असं नुसतं सांगितलं तर फिल्टर झटकून गाडी परत देतात असा माझा अनुभव आहे.

हवा मागे जाते कशी

काचेच्या खालच्या जाळीतून किंवा केबिनमधूनच हवा आत घेतली जाते, ग्लव्हबॉक्सच्या मागे केबिन फिल्टर असतो त्यातून ती ब्लोअरकडे, मग गार कॉइलवरून, आणि डॅशबोर्डमागच्या मोठ्या प्लॅस्टिकच्या पेटीत येते. त्या पेटीत झडपा असतात, हवा तोंडावर, पायावर की काचेवर हे त्या ठरवतात. मागच्या सीटसाठी तिथून बहुतेक गाड्यांत दोन वेगळे रस्ते निघतात. एक डक्ट मधल्या कन्सोलच्या (दोन पुढच्या सीटांमधल्या पेटीच्या) पोटातून थेट मागच्या व्हेंटपर्यंत, म्हणजे हवा बाहेर येते त्या तोंडापर्यंत जातो, तो तोंडावरच्या हवेचा. दुसरे दोन कार्पेटखालून पुढच्या सीटांच्या खाली उघडतात, ते पायावरच्या हवेचे. हे दोन रस्ते वेगळे आहेत हे डोक्यात पक्कं ठेवा, निम्मं निदान यातच आहे. काही मोठ्या गाड्यांत मागे वेगळा ब्लोअर किंवा छतात वेगळी गार कॉइल असते, ती सिस्टिमच वेगळी, हा लेख तिच्यासाठी नाही.

डक्ट म्हणजे फुंकून बनवलेली पातळ प्लॅस्टिकची पोकळ नळी, दोन-तीन तुकडे एकमेकांत सरकवलेले आणि जोडावर फोमची पट्टी. प्लॅस्टिक सहसा आपोआप तुटत नाही. जोड निसटतो, फोमचा भुगा होतो, कॉलर तडकते, वरून कुणी दाब दिला तर नळी चेपते, आणि उंदीर. मखमलाबाद, गंगापूर रोडच्या पलीकडे द्राक्षबागांच्या कडेला गाडी लागत असेल तर उंदीर हे कारण यादीत बऱ्यापैकी वर ठेवा.

आधी मापं, मग पाने

गाडी सावलीत लावा, चार्जिंगची गन काढलेली हवी. इलेक्ट्रिक गाडीत कॉम्प्रेसर बॅटरीवर चालतो, धूर नाही, त्यामुळे बेसमेंट पार्किंगमध्येही हे आरामात करता येतं. इको मोड बंद करा कारण त्यात गाडी स्वतःहून एसीचा जोर कमी करते. काही गाड्यांत फक्त ड्रायव्हरपुरती हवा सोडायचं बटण असतं, ते चुकून चालू राहिलेलं नाही ना तेही बघा. फास्ट चार्जिंग करून लगेच तपासू नका, तेव्हा तेच कूलिंग बॅटरी गार करायला वापरलं जातं आणि केबिनला कमी मिळतं.

आता ६० लिटरची काळी कचऱ्याची पिशवी घ्या. पूर्ण चपटी करा, तोंड व्हेंटभोवती हाताने घट्ट धरा, हवा तोंडावर ठेवून ब्लोअर फुल करा आणि पिशवी टम्म फुगेपर्यंत किती सेकंद लागतात ते मोबाईलवर मोजा. प्रत्येक व्हेंटला तीनदा करा आणि मधला आकडा धरा. माझ्या गाडीत पुढच्या मधल्या व्हेंटला ३ सेकंद लागले, मागे डावीकडे १४ आणि उजवीकडे १३. मागे पुढच्यापेक्षा कमी हवा येणं साहजिक आहे, रस्ता लांब आहे, दुप्पट वेळ लागला तर मी काही म्हटलं नसतं, पण चौपटीपेक्षा जास्त म्हणजे हवा मध्येच कुठेतरी जातेय किंवा अडतेय. त्याच मॉडेलची दुसरी गाडी ओळखीत असेल तर तिच्यावर हेच मोजा, त्यासारखी पक्की तुलना नाही.

पिशवीनंतर थर्मामीटर, स्वयंपाकातला काडीवाला चालतो. दहा मिनिटं एसी चालू ठेवून पुढे आणि मागे तापमान घ्या. मग दोन्ही गोष्टी एकत्र वाचायच्या. पुढे-मागे दोन्हीकडे हवेचा जोरच कमी असेल तर डक्टला हात लावू नका, केबिन फिल्टर काढून बघा, रस्त्यांची कामं चालू असली की ती धूळ फिल्टरवर मातीच्या थरासारखी बसते. जोर ठीक आहे पण दोन्हीकडे हवा कोमट असेल तर गॅसची बाजू बघावी लागेल, ती फक्त एसीवाल्याकडे, आणि इलेक्ट्रिक गाडीत कॉम्प्रेसर हाय व्होल्टेजवर असतो, त्याचं तेल वेगळं असतं, म्हणून असा एसीवाला शोधा ज्याने इलेक्ट्रिक गाड्या हाताळल्यात. पुढे जोर आणि गारवा दोन्ही चांगलं आणि मागेच कमी, असं असेल तरच डक्टकडे वळायचं.

आता मोड बदला. हवा पायावर करा आणि पुढच्या दोन्ही सीटांखाली हात घालून बघा. माझ्याकडे उजव्या सीटखाली हवा येत होती, डाव्या सीटखाली अजिबात नाही. म्हणजे मागच्या व्हेंटचा रस्ता बिघडलेला आणि डावीकडच्या पायाचा पण, दोन वेगळ्या जागा.

गळती कुठे आहे ते गाडी न उघडताही बरंच कळतं. हवा तोंडावर ठेवून कन्सोलच्या दोन्ही बाजू हाताने चाचपा, एक जागा बाकीच्यापेक्षा गार लागली तर जोड त्याच्या आसपास निसटलाय. ड्रायव्हरचा डावा घोटा उगाच गार पडत असेल तर तीच खूण, मला वर्षभर तो पडत होता आणि मला छान वाटत होतं. कार्पेट ओलसर असेल तर थोडं थांबून विचार करा, गार हवा सतत एका जागी लागून दव धरल्यामुळे ओल येऊ शकते, पण एसीचं पाणी बाहेर सोडणारी नळी तुंबली तरी कार्पेट ओलं होतं. एसी अर्धा तास चालवून गाडीखाली पाणी ठिबकतंय का बघा, दमट दिवशीही ठिबकत नसेल तर आधी ती नळी. उदबत्ती कन्सोलच्या फटींजवळ धरली की धूर जिथे जोरात उडतो तिथे हवा बाहेर पडतेय, फक्त निखारा सीटकव्हरला लागू देऊ नका. आणि मोबाईलला लावायचा बारीक वायरचा कॅमेरा मिळतो तो मागच्या व्हेंटच्या पट्ट्यांतून आत सोडा. मला त्यात साधारण दोन फुटांवर डक्टची कडा आणि तिच्या बाजूला चक्क कार्पेटची खालची गादी दिसली, म्हणजे जोड उघडाच होता.

माझ्या गाडीत झालं काय होतं ते सांगतो कारण आपल्याकडे हे खूप गाड्यांत असणार. गाडी घेतल्यावर एका दुकानातून फ्लोअर लॅमिनेशन करून घेतलं होतं, ते जाड रेक्झिनचं. ते बसवताना कन्सोल उचकटून शीट खाली सारली, त्यात डक्टची कॉलर तडकली आणि जोड सुटला, आणि डाव्या सीटखालच्या पायाच्या व्हेंटला कापच दिला नाही, शीट सरळ त्याच्यावरून गेलेली. ते दुसरं काम कटरने पाच मिनिटांत झालं, एक रुपया खर्च नाही. दोन्ही डक्ट मागवून बसलो असतो तर एक फुकट गेला असता. तुमच्याकडे लॅमिनेशन असेल तर सगळ्यात आधी पुढच्या सीटखाली टॉर्च मारून बघा.

पार्ट मागवताना

चॅसिस नंबर देऊनच मागवा. एकाच मॉडेलमध्ये मागे व्हेंट असलेलं आणि नसलेलं व्हेरियंट असतं, डक्ट दिसायला सारखा आणि तोंड वेगळं. सोबत कन्सोलच्या दाबून बसणाऱ्या क्लिपा आठ-दहा जास्तीच्या घ्या, जुन्यातल्या काही तुटणारच. बंद पेशींची (क्लोज्ड सेल, जिच्यातून हवा झिरपत नाही ती) फोम टेप ५ मिलिमीटर जाडीची घ्या. साधी सेलोटेप आणि ब्राऊन टेप अजिबात नको, उन्हात तिचा गोंद वितळून घसरतो. सिलिकॉनही नको, पुढच्या वेळी डक्ट सुटणार नाही, तोडावाच लागेल.

उघडण्याआधी, हे सोडू नका

इलेक्ट्रिक गाडीत नारंगी वायर म्हणजे हाय व्होल्टेज. केबिनमध्ये ती कशी येईल असं वाटतं, पण बऱ्याच गाड्यांत हवा गरम करणारा हीटर हाय व्होल्टेजवर असतो आणि तो डॅशबोर्डमागच्या त्याच पेटीत असतो जिथून आपला डक्ट निघतो. डक्ट बदलायला नारंगी वायरला हात लावायची गरज नसते. ती रस्त्यात आली, सरकवावी लागेल असं दिसलं, तर तिथे काम थांबवा आणि ट्रेनिंग घेतलेल्या माणसाला बोलवा. पिवळे कनेक्टर म्हणजे एअरबॅग आणि सीटबेल्ट, ते सीटखाली असतातच.

दुसरं, या गाड्यांची मोठी बॅटरी पायाखालच्या पत्र्याच्या खाली असते. कार्पेटची क्लिप तुटली म्हणून पत्र्यात स्क्रू मारायचा, ड्रिल करायचं, हे पूर्ण बंद. लॅमिनेशनवाल्यालाही आधीच बजावून सांगा.

आता क्रमाने. गाडी सपाटीवर, पार्किंग ब्रेक लावलेला. इलेक्ट्रिक सीट असेल तर आत्ताच ती पूर्ण मागे नेऊन पुढचे बोल्ट सैल करा आणि पूर्ण पुढे नेऊन मागचे, कारण छोट्या १२ व्होल्ट बॅटरीची वायर काढल्यावर सीट हलणार नाही, हे आम्ही विसरलो आणि सगळं परत जोडत बसलो. बोल्ट सैलच करा, सीटखालचं कनेक्टर अजून काढायचं नाही. काचा थोड्या खाली, डिकी आणि बॉनेट उघडे ठेवा. गाडी पूर्ण बंद करा, चावी घरात नेऊन ठेवा कारण चावी जवळ असली की गाडी जागी होते. मग १२ व्होल्ट बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, तिला कापड गुंडाळून बाजूला करा आणि घड्याळ लावून १० मिनिटं थांबा, एअरबॅगच्या कंट्रोलरमध्ये थोडा वेळ चार्ज राहतो म्हणून. मॅन्युअलमध्ये जास्त वेळ दिला असेल तर तेवढा.

कन्सोल आणि सीट

मागच्या व्हेंटची फ्रेम प्लॅस्टिकच्या पट्टीने एका कोपऱ्यातून सोडवत जा, लोखंडी स्क्रूड्रायव्हर वापरलात तर ओरखडा कायमचा राहतो. तिच्या मागे यूएसबीची वायर असते, झटका देऊ नका. मग कन्सोलचे स्क्रू, आणि हे लपवलेले असतात, कप होल्डरच्या रबराखाली, आर्मरेस्टच्या डब्याच्या तळाशी, पुढे दोन्ही बाजूंच्या झाकणांमागे. कन्सोल हलत नसेल तर स्क्रू राहिलाय असंच समजा, जोर लावायचा नाही. गिअर सिलेक्टर आणि पार्किंग ब्रेकच्या बटणाचे कनेक्टर काढायच्या आधी फोटो काढा. स्क्रू मी कागदावर कन्सोलचं चित्र काढून त्याच जागी टोचून ठेवतो, लांबी वेगवेगळी असते आणि लांब स्क्रू आखूड जागी गेला तर खालची वायर फोडतो.

फक्त मधला डक्ट बदलायचा असेल तर काही गाड्यांत सीट काढावी लागत नाही, पूर्ण मागे सरकवून चालतं. कार्पेटखालचा असेल तर काढावीच लागते. चार बोल्ट, मग सीट मागे तिरकी करून खालचे कनेक्टर, पिवळ्याचं लॉक आधी सरकवायचं मग ओढायचं. सीट जड असते, मोटरची असेल तर आणखी, दोन माणसं लागतात आणि दरवाज्याच्या खालच्या पट्टीवर जुनी गोधडी टाका. सीट बाहेर असताना गाडी चालू करून बघायचा मोह आवरा, एअरबॅगचा दिवा लागतो आणि फॉल्ट स्कॅनरने काढावा लागतो.

कार्पेट गरजेपुरतंच उचला. खाली ओल असेल तर ती पूर्ण वाळू द्या, आम्ही टेबल फॅन लावून रात्रभर ठेवलं. उंदराच्या लेंड्या दिसल्या तर हातमोजे आणि मास्क लावा, झाडू मारू नका, जंतुनाशक फवारून ओल्या कापडाने पुसा, आणि आसपासची प्रत्येक वायर बोटाने तपासा.

जुना डक्ट काढा, नवा शेजारी ठेवून तोंडं जुळतात का बघा. मग टेप न लावता एकदा नुसता बसवून बघा, कुठे ताणला जातोय का, कुठली वायर खाली दबतेय का. जोडाचा नियम सोपा आहे, हवा ज्या बाजूने येते तो तुकडा पुढच्या तुकड्याच्या आत गेला पाहिजे. उलटा बसवला तर प्रत्येक जोडावर हवा कडेला आपटून बाहेर पडते. पेटीच्या तोंडावरचा जुना फोम पूर्ण खरवडा, त्यावरच नवा चिकटवला तर तो महिन्यात सुटेल. नवी टेप एका वळशात, टोकं एकमेकांना भिडवून, चढवून नाही, नाहीतर तिथे उंचवटा येतो आणि बाजूला फट राहते.

बंद करायच्या आधी तपासणी, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं कारण कन्सोल दोनदा उघडायची कुणालाच हौस नसते. गाडी चालू करता येत नाही, म्हणून एक्स्टेन्शन बोर्डवर हेअर ड्रायर लावा, थंड हवेवर. मागच्या व्हेंटच्या तोंडातून हवा आत सोडा आणि प्रत्येक जोडाभोवती उदबत्ती फिरवा. धूर शांत वर गेला तर जोड पक्का. आमचा पेटीजवळचा जोड पहिल्या वेळी फुंकर मारत होता, कॉलर अर्धा सेंटिमीटर कमी सरकली होती, हाताला ते अजिबात कळत नव्हतं.

परत जोडताना

उलट्या क्रमाने. कार्पेट टाकताना सीटखालच्या व्हेंटचा काप बरोबर तोंडावर आला पाहिजे, लॅमिनेशन असेल तर कापाच्या कडा खाली दुमडून चिकटवा. सीटचे बोल्ट हाताने तीन-चार आटे बसवून मगच पाना लावा, आणि शेवटचं आवळणं टॉर्क रेंचने (ठरवलेल्या जोराने आवळायचा पाना), आकडा त्या गाडीच्या मॅन्युअलचा. सीट अपघातात माणसाला धरून ठेवते, तिथे अंदाज नको. टॉर्क रेंच नसेल तर गॅरेजवाल्याकडून तासाभरासाठी आणा.

सगळे पिवळे कनेक्टर बसले, लॉक लागलं, हे दोघांनी वेगवेगळं बघा. मगच १२ व्होल्टची वायर. पहिल्यांदा चालू केल्यावर डॅशबोर्डमागून थोडा वेळ टकटक येऊ शकते, झडपा आपापली जागा शोधत असतात, घाबरू नका. एअरबॅगचा दिवा काही सेकंदांनी गेलाच पाहिजे. तो राहिला तर गाडी बाहेर काढू नका, सीटखालचं कनेक्टर परत बघा. पॉवर विंडोचं एका दाबात वर जाणं बंद पडलेलं असतं, काच पूर्ण वर नेऊन बटण काही सेकंद धरून ठेवलं की बऱ्याच गाड्यांत परत येतं.

मग तीच पिशवी, तोच मोड, तोच ब्लोअर. मागे डावीकडे १४ चे ६ सेकंद झाले, उजवीकडे १३ चे ६, आणि पुढचा ३ चा तसाच राहिला. पुढचा आकडा बिघडला असता तर झडप किंवा डक्ट कुठेतरी चुकीचा बसलाय असं समजलो असतो. माझा डावा घोटा आता गार पडत नाही.

त्यानंतर त्र्यंबकला एक फेरी मारली, गतिरोधकांवर मुद्दाम सावकाश गाडी घालून कन्सोल वाजतोय का ऐकलं, एक क्लिप अर्धवट होती ती अंगठ्याने दाबल्यावर बसली. आकडे आणि तारीख कागदावर लिहून ग्लव्हबॉक्समध्ये ठेवलेत, पावसाळा संपला की पिशवी लावून परत मोजणार, कारण पावसात उंदीर कोरडी जागा शोधत गाडीत शिरतात. आणि पुढच्या वेळी कुणी गाडीत शीट, स्पीकर, लायटिंग काहीही बसवायला कन्सोल उघडला, तर गाडी ताब्यात घ्यायच्या आधी दुकानाच्या दारातच मागे बसून दोन्ही व्हेंटवर हात धरून बघणार.